परदेशातील डोंगरात नातलगांकडे शनिवार-रविवार: मराठवाड्यातून निघणाऱ्या कुटुंबासाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठवाड्यातील कितीतरी घरांत आता एखादा पुतण्या, भाची किंवा मावसबहीण नोकरीच्या निमित्ताने युरोपात स्थायिक झालेली असते आणि "एकदा तरी या, दोन दिवस डोंगरात जाऊन राहू" असे आमंत्रण दर दिवाळीला फोनवर येत राहते. आमंत्रण मनापासूनचे असते. पण काका-काकू, आजी आणि शाळकरी मुले अशी मंडळी खरोखरच निघायची म्हटली, की कागदपत्रांपासून बुटांपर्यंत नाना प्रश्न उभे राहतात आणि बहुतेकदा बेत तिथेच थांबतो. तो थांबू नये यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून स्वित्झर्लंडमधील बर्न प्रांतातल्या डोंगराळ भागाचा, विशेषतः लाउटरब्रुनेनच्या खोऱ्याचा विचार केला आहे; मात्र यातील बराचसा भाग युरोपातल्या कोणत्याही डोंगरी गावाला जाताना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो, कारण पुढचे सगळे नियोजन तिच्यावर उभे आहे. आपण नातलगांना भेटायला चाललो आहोत. सहलीच्या कंपन्या दोन दिवसांत जेवढी ठिकाणे दाखवतात तेवढी पाहण्याचा हट्ट धरला, तर वर्षानुवर्षे न भेटलेल्या पुतण्याशी आणि त्याच्या मुलांशी निवांत बोलणे राहूनच जाते. म्हणून एका दिवशी एकच डोंगर, आणि संध्याकाळ घरच्यांसाठी मोकळी, एवढी शिस्त पहिल्यापासून पाळावी.

कोणत्या दिवसांत जावे

आपल्याकडे मोठ्या प्रवासासाठी मे महिना आणि दिवाळीची सुट्टी सोयीची मानली जाते, पण आल्प्समध्ये हे दोन्ही काळ अडनिडे असतात. एप्रिलच्या अखेरीपासून मेपर्यंत उंचावरील पायवाटांवर बर्फ असतो आणि अनेक रोपवे देखभालीसाठी बंद ठेवलेले असतात. नोव्हेंबरातही तीच स्थिती असते. फिरण्यासाठी उत्तम काळ म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंतचा. शेतकरी कुटुंबाला मृगाची पेरणी आणि सोयाबीनची काढणी या दोन्हींच्या मधला, म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पूर्वार्ध हा काळ त्यातल्या त्यात जमतो. अर्थात पोळा, महालक्ष्म्या आणि गणपती यांच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात, कारण घरातील मोठ्या बायका महालक्ष्म्या सोडून निघणार नाहीत आणि त्यांना तसा आग्रहही करू नये.

मुलांच्या शाळेमुळे मे महिन्यातच जाणे भाग असेल, तर नाउमेद होण्याचे कारण नाही. लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यातील धबधब्यांना बर्फ वितळण्याच्या या काळात भरपूर पाणी असते. अशा वेळी उंचावरचा बेत आखडता घेऊन खोऱ्यातच रमावे.

डोंगरातील शनिवार-रविवार हा परदेशात पोहोचल्यानंतरचा पहिलाच शनिवार-रविवार नसावा, असे माझे ठाम मत आहे. उन्हाळ्यात भारताची वेळ स्वित्झर्लंडच्या साडेतीन तास पुढे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास. फरक फार नसला, तरी रात्रभराच्या विमानप्रवासाने थकलेल्या ज्येष्ठांची झोप आणि पोट जागेवर यायला तीन-चार दिवस लागतात. दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामातला दुसरा शनिवार-रविवार सर्वांत चांगला.

व्हिसा: नाते कागदावर दाखवणे

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही; मात्र २००८ पासून तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेनचा अल्पकालीन व्हिसा लागतो. या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी कामाला लागणे शहाणपणाचे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो आहे. बोटांचे ठसे द्यायला अर्जदाराला मुंबई किंवा पुण्याच्या अर्ज केंद्रावर स्वतः जावे लागते. आजीला गुडघेदुखी असेल, तर सगळ्यांची भेट एकाच दिवशी ठरवावी, म्हणजे दोनदा खेप पडणार नाही.

पासपोर्ट मागील दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. नवीन काढायचा असल्यास छत्रपती संभाजीनगर, नांदेड अशा ठिकाणी पोस्ट ऑफिसमधील पासपोर्ट सेवा केंद्राची सोय आहे. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि पॅन कार्ड यांवरील नावे, जन्मतारीख आणि जन्मगाव एकसारखे आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी तपासावे. आपल्याकडच्या जुन्या पिढीत एका कागदावर जन्मतारीख १ जून आणि दुसऱ्यावर भलतीच, असे सर्रास आढळते, आणि ते दुरुस्त करण्यातच दोन महिने जातात.

नात्याचा पुरावा हा भाग लोक गृहीत धरतात, पण अडचण इथेच येते. लग्न झालेल्या मुलीच्या पासपोर्टवर नवऱ्याचे आडनाव असते, त्यामुळे आई-वडिलांचे तिच्याशी असलेले नाते केवळ नावावरून कळत नाही. तिथे तिचा जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही जोडावेत. चुलत, आते, मामे आणि मावस नात्यांत तर थेट असा एकही दाखला नसतो. अशा वेळी अर्जासोबतच्या पत्रात साध्या इंग्रजीत नाते उलगडून लिहावे: पाहुण्याचे वडील आणि यजमानाची आई हे सख्खे बहीण-भाऊ आहेत, त्यांच्या आई-वडिलांची नावे अमुक आहेत, आणि त्याच्या पुष्टीसाठी दोघांच्या उपलब्ध दाखल्यांच्या प्रती जोडल्या आहेत, अशा क्रमाने. इंग्रजीतील एक कझिन हा शब्द लिहून सोडून देऊ नये. एका पानावर वंशावळ काढून जोडली, तर तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही सोपे जाते.

यजमानाने सही केलेले आमंत्रणपत्र, त्याच्या निवास परवान्याची आणि पासपोर्टची प्रत घ्यावी. पाहुण्याची आर्थिक बाजू पुरेशी नाही असे दूतावासाला वाटल्यास यजमानाकडून हमीपत्र मागितले जाते आणि त्या हमीची मर्यादा ३०,००० स्विस फ्रँक असते. ही रक्कम लहान नाही. पुतण्याने ती आनंदाने स्वीकारली, तरी त्याच्या डोक्यावर आपण किती जबाबदारी टाकतो आहोत याची जाणीव ठेवावी आणि आपली कागदपत्रे भक्कम ठेवून ती वेळ शक्यतो येऊ देऊ नये.

शेतकरी अर्जदाराने सातबारा व आठ-अ यांचे डिजिटल सहीचे उतारे घेऊन त्यांचे इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावे. कापूस, सोयाबीन किंवा ऊस विकल्याचे पैसे ज्या खात्यात जमा होतात त्याच खात्याचे विवरण द्यावे आणि आडतीच्या किंवा कारखान्याच्या पावत्या सोबत ठेवाव्यात. अर्जाच्या आठ दिवस आधी भावकीतून उसने घेऊन खात्यात मोठी रक्कम भरणे टाळावे. अशा अचानक जमा झालेल्या रकमेमुळे उलट शंका येते. निवृत्त मंडळींनी निवृत्तिवेतनाचा आदेश आणि नोकरदारांनी रजा मंजुरीचे पत्र जोडावे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू असणारा हवा. ज्येष्ठांसाठी विमा घेताना मधुमेह व रक्तदाब यांसारखे आधीचे आजार त्यात समाविष्ट आहेत का, हे नीट वाचून घ्यावे, कारण स्वस्तातल्या विम्यात नेमके तेच वगळलेले असते.

सामान: काय न्यावे आणि काय घरीच ठेवावे

या बाबतीत आपल्या माणसांचे मन आवरणे सर्वांत कठीण असते. जाताना भाचीसाठी घरचे तूप, पेढे, खवा, लोणी असे काही न्यावे असे प्रत्येक मावशीला वाटते. परंतु भारतातून स्वित्झर्लंडमध्ये दुधाचे, मांसाचे व अंड्यांचे पदार्थ प्रवासी सामानातून नेण्यास मनाई आहे. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि लावायचे बी-बियाणे यांसाठी वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे केसर आंब्याची पेटी आणि तुळशीच्या मंजिऱ्या दोन्ही घरीच राहू द्याव्यात. विमानतळावर हे पदार्थ काढून घेतले जातात आणि दंडही होऊ शकतो.

तरीही नेण्यासारखे पुष्कळ आहे. येसर, जवसाची, कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, पापड, ज्वारीचे पीठ, उपवासासाठी साबुदाणा आणि भगर हे कोरडे पदार्थ वजनाला हलके असतात आणि परदेशातल्या घरात त्यांचे मोल फार मोठे असते. चटण्या कुटून पूर्ण गार झाल्यावर दोन पिशव्यांत बंद कराव्यात आणि प्रत्येक पुडीवर इंग्रजीत पदार्थाचे नाव लिहावे. तेलकट लोणचे नेऊच नये. विमानाच्या सामानात बरणी फुटली तर सगळ्यांचे कपडे खराब होतात.

भेटवस्तूंच्या बाबतीत एक नियम अलीकडे बदलला आहे. १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक व्यक्तीला १५० फ्रँकपर्यंतच्याच वस्तू करमुक्त नेता येतात. त्यापूर्वी ही मर्यादा ३०० फ्रँक होती. पैठणीची घडी घालून भेट म्हणून नेली, तर एकाच साडीची किंमत या मर्यादेच्या वर सहज जाते. अशा वेळी ती स्वतःहून जाहीर करून ८.१ टक्के मूल्यवर्धित कर भरावा, किंवा पैठणी भाचीच्या भारतभेटीसाठी राखून ठेवून हिमरूची शाल न्यावी, हे मला अधिक बरे वाटते. अंगावरील दागिने कमीत कमी असावेत. मोठे दागिने न्यायचेच असतील, तर निघताना मुंबई विमानतळावरील सीमाशुल्क कक्षातून त्यांचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परत येताना ते आपलेच आहेत हे सिद्ध करावे लागत नाही.

औषधे स्वतःच्या वापरापुरती, एक महिन्याच्या गरजेएवढी नेता येतात. ती मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत असावीत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथल्या औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात. इन्सुलिन चेक-इन सामानात मुळीच टाकू नये.

कपड्यांचा विचार थरांच्या हिशेबाने करावा. आत अंगाला चिकटून बसणारे उबदार कपडे, मधे लोकरीचा किंवा तत्सम स्वेटर आणि वर वारा व पाणी अडवणारे जाकीट असे तीन थर असले, की थंडी वाढेल तसे घालता येतात आणि ऊन पडले की काढता येतात. एकच जाडजूड कोट नेल्यास हे साधत नाही. साडी नेसणाऱ्यांनी आतून उबदार लेगिंग आणि पायात मोजे घालावेत. साडी घोट्याच्या वर राहील अशी नेसावी, कारण ओल्या जिन्यांवर आणि रेल्वेच्या पायऱ्यांवर ती पायात येते. डोंगरात छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. बुटांचा तळ खाचांचा असावा आणि ते निदान पंधरा दिवस आधीपासून घरी घालून सैल करून घ्यावेत. काळा चश्मा चैनीची वस्तू मानू नये. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना खरोखर इजा करते.

मराठवाड्यातून विमानापर्यंत

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे आणि ज्येष्ठांसोबत तेच घ्यावे. चार-पाच हजार रुपये वाचवण्यासाठी मध्यरात्री दुसऱ्या देशात विमान बदलणे त्यांना झेपत नाही. नांदेड, परभणी, जालना या भागांतून देवगिरी एक्स्प्रेस किंवा वंदे भारतने मुंबई गाठता येते आणि समृद्धी महामार्गानेही जाता येते. मात्र विमानाच्या दिवशीच गावाहून निघू नये, आदल्या दिवशी मुंबईत पोहोचावे. युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ रात्री एकची असेल, तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्रीच हजर राहायचे असते. हे घरातल्या सगळ्यांना आणि गाडी ठरवून देणाऱ्यालाही समजावून सांगावे.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन क्षेत्रात प्रवेश करताना चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेत थोडा जास्त वेळ धरून चालावा. अधिकारी कुठे राहणार, किती दिवस आणि परतीचे तिकीट कुठे, एवढेच बहुधा विचारतात. यजमानाचा पत्ता आणि फोन क्रमांक प्रत्येकाच्या जवळ कागदावर लिहिलेला असावा. मोबाइलसाठी आंतरराष्ट्रीय पॅक घेताना त्यात स्वित्झर्लंडचे नाव स्वतंत्रपणे लिहिले आहे का ते पाहावे; युरोपीय संघापुरती असलेली योजना तिथे चालेलच असे नाही.

यजमानांच्या घरी

तिथल्या घरात कामाला बाई नसते आणि स्वयंपाक, भांडी, केर, कपडे हे सगळे नोकरी सांभाळून त्या दोघांनाच करावे लागते. पाच पाहुणे आले, की वहिनीवर किंवा सुनेवर पडणारा भार आपल्याला दिसावा. पहिल्याच संध्याकाळी कोणते काम कोण करणार हे प्रेमाने ठरवून टाकावे आणि त्यात काका व मामा या मंडळींनीही वाटा उचलावा.

इमारतींचे नियम कडक असतात. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. रविवारी व्हॅक्यूम क्लीनर, मोठ्या आवाजाचे मिक्सर आणि काचेच्या बाटल्या टाकायला जाणे टाळावे. कपडे धुण्याची खोली अनेक इमारतींत सामायिक असते आणि तिथे प्रत्येक कुटुंबाचे वार ठरलेले असतात. आजींनी सवयीने भल्या पहाटे तिथे साड्या भिजत घातल्या, तर शेजाऱ्यांशी यजमानांचे संबंध बिघडतात. बऱ्याच गावांत कचऱ्यासाठी शुल्क भरलेल्या ठरावीक पिशव्याच वापराव्या लागतात, म्हणून कचरा कशात टाकायचा हे विचारूनच टाकावा.

स्वयंपाकघरात ज्योत नसते, काचेची सपाट शेगडी असते. आत्याने भाकरी करायला घेतली, की हा फरक लगेच कळतो: मधे खोलगट असलेला आपला लोखंडी तवा त्या काचेवर नीट बसत नाही, आणि भाकरी उलटून जाळावर फुगवायला जाळच नसतो. यावर उपाय आहे. सपाट बुडाचा जाड तवा घ्यावा, पीठ उकळत्या पाण्यात मळावे, पहिली बाजू ओलसर असतानाच उलटावी आणि दुसरी बाजू नीट भाजल्यावर परत पालटून स्वच्छ कापडाने कडेकडेने हलके दाबत जावे. भाकरी तव्यावरच टम्म फुगते. तळण आणि मिरचीची फोडणी करताना धूर शोषणारे यंत्र आधी सुरू करून खिडकी उघडावी. हे शिकवताना आत्याभोवती जमलेली मुले, त्यांना मराठी कळो न कळो, पिठात हात घालतातच, आणि माझ्या मते एखादे शिखर पाहण्याइतकाच हा वेळ मोलाचा आहे.

घरातील जावई किंवा सून तिथली असेल, तर त्यांच्या घरच्यांना भेटताना ठरल्या वेळी पोहोचावे, हात मिळवताना नजरेला नजर द्यावी आणि पगार, घराची किंमत, मूल कधी असे प्रश्न टाळावेत. वाढताना एकदा आग्रह पुरे. नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य असते, त्यामुळे बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही.

शुक्रवार: निघण्याची तयारी

मोठ्या सुटकेस घरीच ठेवाव्यात आणि प्रत्येकाने पाठीवरची एकच पिशवी घ्यावी. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतील आणि काही पर्यटनस्थळांतील तेवढी उघडी असतात. शनिवारीही लहान गावांतील दुकाने लवकर मिटतात. दूध, दही, भाजी आणि फळे शुक्रवारीच घेऊन ठेवावीत. प्रवासात दशम्या, धपाटे आणि कोरडी चटणी बरोबर असली, की डोंगरावरील उपाहारगृहात पाच जणांच्या जेवणाचे पैसे वाचतात आणि शाकाहाराची चिंताही राहत नाही. लहान मुक्कामी घर भाड्याने घेतले असेल, तर चादरी, टॉवेल आणि निघतानाची सफाई भाड्यात धरली आहे का हे आधी विचारावे.

तिकिटांचा हिशेब असा करावा. एक महिन्याचे अर्ध्या भाड्याचे कार्ड घेतल्यास बहुतेक रेल्वे, बोटी आणि रोपवे निम्म्या दरात मिळतात. सगळ्या प्रवासासाठीचा स्विस ट्रॅव्हल पास महाग असतो आणि रोज भटकणाऱ्यालाच परवडतो. घरी राहून एखाददोन वेळाच लांब जाणाऱ्या पाहुण्यांना बहुधा अर्ध्या भाड्याचे कार्ड पुरते. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, आणि परदेशी पाहुण्यांना मिळणाऱ्या फॅमिली कार्डवर सोळा वर्षांखालील मुले आई-वडिलांपैकी एकासोबत मोफत प्रवास करतात. ती काका-काकूंसोबत असतील तर हा नियम तसाच लागू होत नाही, म्हणून तिकीट खिडकीवर खात्री करून घ्यावी.

शनिवार: खोरे आणि म्युरेन

झुरिकहून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट आणि तिथून लाउटरब्रुनेन असा सुमारे अडीच तासांचा रेल्वेप्रवास आहे. स्थानकांवर अडवणारी दारे नसतात, पण गाडीत तपासणी होते. इंटरलाकेनला गाडीत चढताना मात्र लक्ष द्यावे. तिथून निघणारी गाडी त्स्वायल्युचिनेन या स्थानकावर दोन भागांत विभागली जाते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्याच्या बाहेरील पाटीवर गंतव्य लिहिलेले असते. पाच-सहा जणांच्या घोळक्यात दोघे पुढच्या डब्यात जागा दिसली म्हणून जाऊन बसतात आणि वीस मिनिटांनी ते वेगळ्याच खोऱ्यात असतात. सगळ्यांनी एकाच डब्यात चढावे, जागा नसेल तर उभे राहावे. प्रवास अवघ्या वीस मिनिटांचा आहे.

लाउटरब्रुनेन समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे बालाघाटच्या माथ्याहून फार उंच नाही, पण दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत आणि त्यांवरून धबधबे कोसळतात. गावाला लागूनच असलेला श्टाउबबाख हा २९७ मीटरचा धबधबा स्थानकावरून चालत जाऊन पाहता येतो. इथून रोपवेने ग्रुचआल्पला आणि तिथून छोट्या रेल्वेने म्युरेनला जावे. म्युरेनमध्ये मोटारी नाहीत. गावाची उंची १,६३८ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईएवढी (१,६४६ मीटर). महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या उंचीवर इथे दुकाने आणि बाल्कनीत फुले लावलेली घरे आहेत. समोर आयगर (३,९६७ मीटर) आणि युंगफ्राउ (४,१५८ मीटर) ही शिखरे उभी असतात. ज्येष्ठांना इतक्या उंचीचा त्रास सहसा होत नाही, म्हणून पहिल्या दिवसासाठी मला हेच ठिकाण सर्वांत योग्य वाटते.

चालू शकणाऱ्यांनी ग्रुचआल्प ते म्युरेन ही बऱ्यापैकी सपाट वाट पायी चालावी आणि बाकीच्यांनी रेल्वेने पुढे जाऊन म्युरेनला भेटावे. मधे विंटरएगला थकलेल्याला गाडी पकडता येते. पिवळ्या पाट्यांची वाट साध्या चालण्याची, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे गिर्यारोहकांची वाट. आपण पिवळ्या पाट्या सोडू नयेत. पाटीवर लिहिलेल्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, त्यामुळे कुटुंबासाठी ती दीडपट समजावी. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. तीनच्या सुमारास उतरायला लागावे.

रविवार: युंगफ्राउयोख की ट्रुमेलबाख?

युंगफ्राउयोख या युंगफ्राउ शिखरालगतच्या खिंडीतील रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे. १८९६ मध्ये सुरू झालेले आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले हे रेल्वेचे काम डोंगराच्या पोटातून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा खणून केलेले आहे, आणि ज्याला झेपते त्याने ते जरूर पाहावे. परंतु पूर्ण भाडे माणशी दोनशे फ्रँकच्या वर जाते, आणि वर हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच उरतो. हृदयविकार, दमा, आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी, तसेच गर्भवतींनी भारतातूनच डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला घेऊन यावा, आणि दोन वर्षांखालील बाळांना नेऊ नये. वर गेल्यावर सावकाश चालावे, पाणी पीत राहावे, आणि डोके दुखू लागले, मळमळले किंवा चक्कर आली तर थांबून न राहता पुढच्या गाडीने खाली यावे. पाचशे-सहाशे मीटर उंचीच्या पठारावर आयुष्य गेलेल्या शरीराला एकाच सकाळी एवढी उंची चढवतो आहोत, याचे भान ठेवायलाच हवे. तिकीट काढण्यापूर्वी सकाळी वरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्र पाहावे. ढग असतील तर तेवढे पैसे घालून पांढरे धुके पाहण्यात अर्थ नाही.

घरात एक जरी माणूस वर जाऊ शकत नसेल, तर रविवार ट्रुमेलबाखला द्यावा असे मी सुचवेन. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ यांच्या हिमनद्यांचे पाणी इथे डोंगराच्या आतून दहा धबधब्यांच्या रूपाने उतरते आणि त्याचा प्रवाह सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पोहोचतो. आतून लिफ्टने वर जाऊन जिन्यांनी उतरत पाहता येते. पायऱ्या ओल्या असतात, आवाज प्रचंड असतो, आणि चार वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो. त्यांच्यासोबत एकाने बाहेर थांबावे. हिवाळ्यात हे ठिकाण बंद असते. त्यानंतर खोऱ्यातल्या सपाट रस्त्याने आजीला हाताशी धरून चालत परत यावे. दोन गट करायचे ठरले, तर तरुणांनी वर जावे, पण यजमानांपैकी एकाने ज्येष्ठांसोबत खाली राहावे, कारण परक्या गावात भाषा न येणाऱ्यांना एकटे सोडणे बरोबर नाही.

आपत्कालीन क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत: सर्वसाधारण मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि डोंगरातील हवाई बचावासाठी १४१४. फोन केल्यावर आपण कुठे आहोत हे सांगता यावे, म्हणून जवळच्या पिवळ्या पाटीवरील जागेचे नाव वाचून ठेवावे.

परतताना

रविवारी संध्याकाळी चारच्या आसपासची गाडी धरावी. त्यानंतरच्या गाड्यांना गर्दी असते आणि सोमवारी यजमानांना कामावर व मुलांना शाळेत जायचे असते. घरी पोहोचल्यावर रात्रीचा स्वयंपाक पाहुण्यांनी करावा; येसरची आमटी आणि भात अर्ध्या तासात होतो. यजमान पैसे घेणार नाहीत हे गृहीत धरून तिकिटांचा व किराण्याचा खर्च आपणच आधीच उचलावा, आणि तरीही राहिले तर मुलांच्या हातात खाऊचे म्हणून द्यावे.

भारतात परतल्यावर बोर्डिंग पास, हॉटेल किंवा घरभाड्याच्या पावत्या आणि व्हिसा अर्जाचा संपूर्ण संच एका फाइलमध्ये जपून ठेवावा. मुदतीत परत आल्याची ही नोंद पुढच्या अर्जाला उपयोगी पडते. नात्याची वंशावळ, सातबाऱ्याचे भाषांतर आणि आमंत्रणपत्राचा मसुदा यांच्या प्रती भावकीतल्या पुढच्या कुटुंबालाही द्याव्यात, म्हणजे त्यांना सगळे नव्याने करावे लागणार नाही.